सारा जमाना साराचा!

थांबा, स्क्रोल करू नका! आधी एक झटपट क्विझ.

पंचावन्नाव्या वर्षी विशीतला राजपुत्र, पासष्टाव्या वर्षी एकोणीस वर्षांची जोन ऑफ आर्क आणि सत्तरीत पाय कापल्यावरही पुन्हा मेकअपच्या खुर्चीत! कोण ही नटी? ऑप्शन्स नाहीत, लाइफलाइन नाही, फोन-अ-फ्रेंड तर अजिबात नाही.

उत्तर: सारा बर्नहार्ट. मुक्काम पोस्ट पॅरिस, काळ १८४४ ते १९२३. आपल्या विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं १८४३ मध्ये. म्हणजे मराठी रंगभूमी साराहून एका वर्षाने थोरली. ताई म्हणायला हरकत नाही!

इंटरनेटवर साराचं नाव टाकलंत की आधी शवपेटी दिसते, मग चित्ता, मग मगर. ती सगळी जत्रा आम्हीही दाखवणार आहोत, डोन्ट वरी. पण खरी धमाल वेगळीच आहे. पेन परजून बसलेल्या समीक्षकांची या बाईने जी काही त्रेधा उडवली, तिला तोड नाही. कुणी विरघळलं, कुणी चिडलं, कुणी आपलंच म्हणणं गिळलं. गप्प मात्र एकालाही बसता आलं नाही.

चला, पडदा वर!

पहिला रिव्ह्यू: पास क्लास

माहीत आहे का, साराचा बर्थडे नक्की कधी हे आजही वादातच आहे? १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या धुमश्चक्रीत तिथलं नगरभवन जळालं आणि जन्माच्या नोंदीही स्वाहा झाल्या. बहुतेक जण २२ किंवा २३ ऑक्टोबर म्हणतात. वय लपवायला नटीला इतकी सरकारी मदत क्वचितच मिळाली असेल.

लहानपणी तिला व्हायचं होतं काय? नन! कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली ही पोर जोगीण व्हायला निघाली होती. घरच्यांच्या ओळखीतल्या एका बड्या ड्यूकने सल्ला दिला, हिला नाट्यशाळेत घाला. देवाचं नुकसान, प्रेक्षकांचा फायदा.

ऑडिशनचा किस्सा तिनेच आत्मचरित्रात सांगितलाय. समोरून संवाद द्यायला जोडीदारच नव्हता. मग हिने काय करावं? ला फाँतेनची दोन कबुतरांची गोष्ट म्हणून दाखवली. परीक्षक खूश. सिलेक्ट!

१८६२. कोमेदी-फ्रान्सेज, म्हणजे फ्रेंच नाटकाची काशी. तिथे ‘इफिजेनी’मध्ये पदार्पण. फ्रान्सिस्क सार्से हा त्या काळातला दरारा असलेला नाट्यसमीक्षक. त्याच्या लेखाचा मथितार्थ काय, तर पोरगी उभी नीट राहते, उच्चार स्वच्छ आहेत आणि याहून जास्त सांगण्यासारखं सध्या काही नाही. झालं! पुढे कित्येक वर्षं याच सार्सेला साराबद्दल रकानेच्या रकाने लिहावे लागले. पस्तीस टक्क्यांवर पास केलेली विद्यार्थिनी बोर्डात पहिली आली की मास्तरांचं जे होतं, तेच.

आणि हो, त्या काशीतून तिची पहिली एक्झिट कशी झाली, माहीत आहे का? थोबाडीत मारून! १८६३ मध्ये मोलिएरच्या जयंतीच्या सोहळ्यात साराच्या धाकट्या बहिणीचा पाय एका ज्येष्ठ नटीच्या झग्यावर पडला. नटीबाईंनी पोरीला ढकललं, ती खांबावर आदळली. साराने फाडकन वाजवली. माफी माग म्हणाले, ही म्हणाली नाही. काँट्रॅक्ट कट.

सुकडी सारा, हवेत सारा

१८६९. ओदेऑन थिएटर. फ्रांस्वा कोपेचं छोटंसं पद्यनाटक ‘ल पासाँ’. त्यात साराने रंगवला एक भटका गाणारा पोरगा. हो, पोरगा! पॅरिस फिदा. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या राजवाड्यात खास प्रयोगाचं बोलावणं. पुरुषी वेषाची ही चव तिने पुढे तीस-चाळीस वर्षं सोडली नाही. त्यावर नंतर येतोच.

पुढच्याच वर्षी प्रशियाशी युद्ध झालं आणि पॅरिसला वेढा पडला. त्याच ओदेऑनचं साराने चक्क हॉस्पिटल केलं आणि स्वतः जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. थिएटरला ‘ऑपरेशन थिएटर’ करणारी ही बहुधा एकमेव नायिका.

आता मोठा क्षण. १८७७, सारा पुन्हा कोमेदी-फ्रान्सेजमध्ये, नाटक व्हिक्टर ह्यूगोचं ‘एर्नानी’. सारा झाली डोन्या सोल. ह्यूगो तेव्हा पंचाहत्तरीचा, फ्रान्सचा साहित्यिक आजोबाच. प्रयोग बघताना म्हातारा रडला. पण लेखक माणूस, नुसता रडून कसा थांबेल? त्याने साराला चिठ्ठी धाडली आणि सोबत अश्रूच्या थेंबाच्या आकाराचा हिरा. आजवरचा सगळ्यात महाग रिव्ह्यू! आमच्या ओळखीचे समीक्षक फार तर वडापाव खाऊ घालतात, तोही निर्मात्याच्या खर्चाने.

तिच्या आवाजाला ‘सोनेरी आवाज’ हे बिरुद चिकटलं ते कायमचं. ते पहिल्यांदा कुणी दिलं यावर अजून रस्सीखेच चालू आहे. ह्यूगोच्या गोटात एक मत, कवी बांव्हिलच्या गोटात दुसरं.

अंगाने मात्र सारा काडीच. तेव्हा भरदार बायकांची फॅशन, त्यामुळे व्यंगचित्रकारांची चंगळ. पॅरिसमध्ये जोक फिरत होता: एक रिकामी बग्गी थिएटरपाशी थांबली आणि त्यातून सारा बर्नहार्ट उतरली! इंग्लंडची थोर नटी एलेन टेरी हिने याच हडकुळेपणावर गोड शब्द खर्च केले. सारा तिला अझेलियाच्या फुलाहून पारदर्शक वाटली, ढगाहून विरळ, जळत्या कागदाच्या धुरासारखी. जे व्यंगचित्रकाराला काडी दिसलं, ते टेरीला धूर दिसलं. आग मात्र दोघांनाही जाणवली!

यश मिळालं की नट हवेत जातात म्हणे. ही खरोखर गेली! १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी बाई बलूनमध्ये बसून शहरावरून उडाली. बलूनचं नाव? ‘डोन्या सोल’, तिच्याच गाजलेल्या भूमिकेवरून. थिएटरचे डायरेक्टर खाली तणतणत होते. परवानगी न घेता प्रवास केला म्हणून त्यांनी दंडही ठोकला.

थांबा, खरा नगेट पुढेच आहे. त्या सफरीवर तिने पुस्तक लिहिलं आणि ते सांगतं कोण, माहीत आहे का? बलूनमधली खुर्ची! अख्खं प्रवासवर्णन खुर्चीच्या तोंडून. आपल्याकडच्या खुर्च्या अशा बोलू लागल्या तर किती सरकारं पडतील, विचार करा.

फावल्या वेळात मूर्तिकामही. १८७६ च्या सलोन प्रदर्शनात तिच्या ‘वादळानंतर’ या शिल्पाला उल्लेखनीय म्हणून दाद मिळाली. एका क्षेत्रातले समीक्षक कमी पडत होते बहुतेक.

आणि ती शवपेटी? आहे, आहे. घरात होती, ती त्यात झोपायची आणि त्यात डोळे मिटून पडलेला तिचा फोटो जगभर विकला गेला. आमचं प्रामाणिक मत सांगू? पेटीचं कौतुक जरा जास्तच झालंय. भूमिका बघायच्या सोडून लोक पेटी उघडून बसलेत. नेक्स्ट!

बॅड रिव्ह्यू, बेस्ट न्यूज

१८७९. कोमेदी-फ्रान्सेज आपला ताफा घेऊन लंडनला. गेइटी थिएटरमध्ये साराची ‘फेद्र’. पहिल्या रात्री बाईंची भीतीने बोबडी वळली, आवाज नको तितका वरच्या पट्टीत लागला आणि खाली येईना. ती तशीच रेटत राहिली. लंडन वेडं झालं! घाबरलेली फेद्र जास्त खरी वाटली असणार. शेवटी ती बाई सावत्र मुलाच्या प्रेमात पडलेली राणी आहे, कूल कशी राहील?

त्याच मुक्कामात तिने शॉपिंग काय केलं, माहीत आहे का? चित्ता. लांडग्यासारखा कुत्रा. आणि सरडे, रंग बदलणारे, चांगले अर्ध्या डझनाच्या वर. पुढे अमेरिकेत मगरही पाळली, तिचं नाव अलि-गागा. लेडी गागा जन्माला येण्याच्या शंभरेक वर्षं आधी! मगर बिचारी दूध आणि शॅम्पेनच्या डाएटवर गेली, असं सांगतात.

हा सगळा तमाशा कादंबरीकार हेन्री जेम्स भिंगातून न्याहाळत होता. त्याने अभिनय मानला, पण टोमणाही हाणला: जाहिरातीची जी दैवी देणगी असते ती हिच्यात ठासून भरली आहे, ही तर वर्तमानपत्रांची सरस्वती! आता सांगा, ही टीका की स्तुती? आजच्या कुठल्याही पीआर मॅनेजरने ती फ्रेम करून लावली असती.

आता इथे जरा रेंगाळू. कारण साराच्या करिअरमधला सगळ्यात फायदेशीर रिव्ह्यू हा कौतुकाचा नव्हताच.

एप्रिल १८८०. ओझिएचं ‘लाव्हाँत्युरिएर’. सारा म्हणत होती तालमी कमी पडल्यात, पुढे ढकला. व्यवस्थापन म्हणालं, तारीख म्हणजे तारीख. प्रयोग झाला आणि समीक्षकांनी तिला सोलून काढलं. दुसरी कुणी असती तर उशीत तोंड खुपसून रडली असती. हिने राजीनामा लिहिला. डायरेक्टरला पाठवला आणि प्रती थेट वर्तमानपत्रांना! माघार घ्यायचा रस्ता स्वतःच बंद केला. संस्थेने कोर्टात खेचलं. दंड किती? एक लाख फ्रँक.

एक लाख! आणि फेडायचे कसे? सोप्पं, अमेरिकेला जाऊन.

ऑक्टोबर १८८० ते मे १८८१. पन्नासावर शहरं, दीडशेच्या वर प्रयोग, खास आगगाडी. एकाच दौऱ्यात एका लाखाचे लाखो झाले. आणि भाषा? सगळं फ्रेंच! अमेरिकन प्रेक्षक मांडीवर भाषांतराची पुस्तिका उघडून बसायचे, बाई रंगमंचावर मरू लागली की पुस्तिका मिटून रुमाल काढायचे. ‘कॅमिल’ या नावाने तिथे गाजलेलं ‘ला दाम ओ कामेलिया’ तर लोकांनी पुन:पुन्हा मागून घेतलं. क्षयाने मरणारी नायिका, एवढं कळायला डिक्शनरी कशाला?

म्हणजे बघा, समीक्षकांनी पॅरिसमध्ये नाक मुरडलं नसतं तर ती राहिली असती सरकारी पगारावरची एक गुणी नटी. त्यांच्या शिव्यांनी तिला जगाच्या नकाशावर नेऊन ठेवलं. त्या दिवशीच्या सगळ्या समीक्षकांना तिने रॉयल्टी द्यायला हवी होती.

याच दौऱ्यात मेन्लो पार्कला एडिसनची भेट. त्याने नवाकोरा फोनोग्राफ दाखवला, तिने त्यात ‘फेद्र’मधला तुकडा म्हणून दाखवला. सोनेरी आवाज, टिनाचा पत्रा.

आणि बोस्टनमध्ये? एका हिकमती माणसाने तिला मेलेल्या देवमाशावर उभं केलं, मग त्या देवमाशाच्या प्रदर्शनाची जाहिरात तिच्या नावावर दणक्यात केली. वर्तमानपत्रांच्या सरस्वतीलाही कुणीतरी गुरू भेटला. व्हेल डन!

डॉक्टर, टोपी आणि स्वामी

१८८१ मध्ये सारा मॉस्कोत पोहोचली तेव्हा प्रेक्षकांत एक एकवीस वर्षांचा डॉक्टरकीचा विद्यार्थी होता, नियतकालिकांत फुटकळ लिहिणारा. नाव अंतोन चेखव. पठ्ठ्या अजिबात विरघळला नाही. त्याला तिच्यात प्रतिभेच्या ठिणगीपेक्षा अफाट मेहनत जास्त दिसली. पण वर हेही म्हणाला की आमच्याकडच्या नटांनी हिच्या निम्मी जरी मेहनत घेतली तरी पुष्कळ. नापास करता करता आदर्श विद्यार्थी पुरस्कार!

१८८२ मध्ये नाटककार सार्दूने तिच्यासाठी लिहिलं ‘फेदोरा’. नाव ओळखीचं वाटतंय? वाटणारच. त्या नायिकेची हॅट इतकी हिट झाली की ‘फेडोरा’ हे टोपीचंच नाव पडलं. आधी बायकांनी घातली, मग पुरुषांनी, मग सिनेमातल्या सगळ्या डिटेक्टिव्ह आणि डॉन मंडळींनी. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेलं नाटक म्हणतात ते हेच!

सार्दूनेच तिच्यासाठी १८८७ मध्ये ‘ला तोस्का’ लिहिलं. पुच्चिनीने ते पाहिलं आणि पुढे त्यावर ऑपेरा केला. आज जगभरच्या ऑपेरागृहांत ‘तोस्का’ बुरुजावरून उडी घेते, ती मूळची साराची उडी. या उडीची एक महागात पडलेली कहाणी आहे, ती पुढे.

१८८५. पॅरिसमध्ये शिकायला आलेला एक व्हिएनाचा तरुण डॉक्टर ‘थेओदोरा’ बघायला गेला. बाहेर येऊन होणाऱ्या बायकोला पत्र लिहिलं. नाटक त्याला फारसं आवडलं नव्हतं. पण ही बाई? पहिल्या चार शब्दांतच वाटलं की हिला आपण वर्षानुवर्षं ओळखतो, ही जे काही म्हणेल ते खरं. डॉक्टरचं नाव सिग्मंड फ्रॉइड. पुढे त्याच्या खोलीत तिचा फोटोही लागला. माणसाच्या बोलण्यावर सहजासहजी विश्वास न ठेवण्यावर ज्याचा धंदा उभा राहिला, तो हिच्यावर पहिल्या वाक्यात विश्वासून बसला!

ऑस्कर वाइल्डने ‘सालोमे’ फ्रेंचमध्ये लिहिलं. १८९२ मध्ये लंडनला साराच्या तालमीही सुरू झाल्या आणि सेन्सॉरने बंदी घातली. का? बायबलमधली पात्रं रंगमंचावर चालणार नाहीत! सेन्सॉर बोर्डाच्या भावना तेव्हाही पटकन दुखायच्या.

१८९४ चा डिसेंबर. साराच्या ‘जिस्मोंदा’ नाटकाचं पोस्टर तातडीने हवं होतं. छापखान्यात सुट्टीत कोण सापडलं? आल्फोन्स मुखा नावाचा अनोळखी झेक चित्रकार. उंच, अरुंद, हातात पाम वृक्षाची फांदी घेतलेली सारा त्याने काढली. १ जानेवारी १८९५ ला पॅरिसच्या भिंतींवर ते झळकलं आणि लोक पोस्टरं सोलून घरी न्यायला लागले. साराने त्याला सहा वर्षांसाठी बांधून घेतलं. आर्ट नूवो शैलीचा एक अख्खा अध्याय असा अर्जंट ऑर्डरमधून निघाला.

आता कान इकडे करा. माहीत आहे का, साराला स्वामी विवेकानंद भेटले होते?

खरंच! १८९६, न्यूयॉर्क. नाटक ‘इझेल’, बुद्धकाळातली कथा. वडाखाली बसलेल्या बुद्धाला मोहात पाडायला निघालेली गणिका म्हणजे सारा. प्रेक्षागृहात बसलेत विवेकानंद! त्यांनी पत्रात हे सगळं मिश्कीलपणे लिहिलंय, बुद्धचरित्राला चढवलेल्या फ्रेंच साजासह. साराने प्रेक्षकांतले स्वामी हेरले, भेटायची इच्छा कळवली. त्या भेटीला आणखी कोण होतं, सांगू? निकोला टेस्ला. नटी, संन्यासी आणि वीजवाला एका खोलीत! यावर अजून कुणी एकांकिका कशी केली नाही? पुरुषोत्तम करंडकवाल्यांनो, विषय फ्री देतोय.

शॉची मावशी

१८९५ च्या उन्हाळ्यात लंडनला मॅचच लागली. सारा विरुद्ध इटलीची एलिओनोरा दूझ. दोघींची एकच भूमिका, ‘माग्दा’. अंपायर: जॉर्ज बर्नार्ड शॉ, तेव्हा साप्ताहिकात नाट्यपरीक्षणं लिहिणारा.

शॉने निर्विकारपणे दूझच्या पारड्यात वजन टाकलं. कारण ऐका. जुना प्रियकर अचानक समोर येतो त्या क्षणी दूझ रंगमंचावर खरोखर लाजून लाल झाली. मेकअप नाही, लायटिंग नाही, खरं रक्त गालांवर! साराच्या गालांवर त्याला कुशल रंगकामच दिसलं. परीक्षण इतकं धारदार की आजही नाट्यसमीक्षेच्या अभ्यासात त्याचं नाव निघतं.

पण पिक्चर अभी बाकी है. पुढे शॉनेच कबुली दिली की साराला आपण कधी न्याय देऊच शकलो नसतो. का? कारण ती हुबेहूब त्याच्या जॉर्जिना आंटीसारखी दिसायची! आंटी मावशी होती की आत्या, हे इंग्रजीत कळायची सोय नाही. आम्ही मथळ्यात मावशी करून टाकली. तर मंडळी, परीक्षण वाचताना समीक्षकाच्या नातेवाइकांची यादी सोबत मागत जा.

साराने काय केलं? दोन वर्षांनी दूझ पॅरिसला आली तेव्हा तिला खेळायला आपलंच थिएटर दिलं. आपल्या ग्राउंडवर प्रतिस्पर्ध्याला बॅटिंग! दिलदारी की डावपेच, तुम्ही ठरवा. आम्हाला दोन्ही वाटतं.

राजपुत्र हॅम्लेट, की राजकन्या?

म्युसेचं ‘लोरेंझाच्यो’ १८३४ चं. लोक म्हणायचे, हे वाचायचं नाटक आहे, करायचं नाही. साठ वर्षं कुणी हात लावला नाही. १८९६ मध्ये साराने लावला, तोही स्वतः नायक लोरेंझो होऊन. म्हणजे एका पुरुषी अभिजात भूमिकेचं ओपनिंगच एका बाईने केलं.

मग १८९९. स्वतःच्या नावाचं नवं थिएटर आणि त्यात हॅम्लेट! वय चौपन्न.

इथे मराठी माणसाने कॉलर ताठ करावी. ‘हॅम्लेट’ आपल्याकडे जुना पाहुणा आहे. आगरकरांचं ‘विकारविलसित’ १८८३ चं आणि गणपतराव जोशींचा हॅम्लेट म्हणजे त्या पिढीचं वेड. पण गंमत पाहा. आपल्याकडे पुरुष नऊवारी नेसून नायिका होत होते. बालगंधर्व १९०५ मध्ये शकुंतला म्हणून उभे राहिले ते याच काळात. तिकडे सारा तंग विजार घालून राजपुत्र होत होती. दोन्हीकडे प्रेक्षकांनी अजिबात भुवया उंचावल्या नाहीत. आजच्या काही मंडळींना घाम फुटेल!

फ्रेंचांना तिचा हॅम्लेट आवडला: रडका, घुटमळणारा नव्हे, तर तडफदार, खोडकर, जिवंत पोरगा. लंडनला मात्र समीक्षक मॅक्स बीअरबोम टपून बसला होता. त्याने परीक्षणाच्या शीर्षकातच हॅम्लेटला डेन्मार्कची राजकन्या करून टाकलं! आणि शेवटी म्हणे प्रामाणिकपणे एकच कौतुक करता येईल, हा हॅम्लेट पहिल्यापासून शेवटपर्यंत अस्सल खानदानी बाईसाहेब होता. जळजळीत. पण हसू येतंच.

बाई थोडीच ऐकतेय? तो हॅम्लेट घेऊन ती थेट शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला गेली. फ्रेंचमध्ये! रत्नागिरीत जाऊन रत्नागिरीकरांना हापूस विकण्याची हिंमत लागते याला.

प्रॉप डिपार्टमेंट: व्हिक्टर ह्यूगोने साराला एक खरी मानवी कवटी भेट दिली होती, वर स्वतःच्या ओळी लिहून. हॅम्लेटच्या हातात तीच असायची असं सांगतात. आज ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहे. आधी हिऱ्याचा अश्रू, मग कवटी. ह्यूगोला गिफ्ट रॅप करून देणाऱ्याची कीव येते.

आणि माहीत आहे का? ‘हॅम्लेट’चा पडद्यावरचा पहिला अवतारही साराच. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तलवारबाजीची छोटी फिल्म दाखवली गेली, सोबत फोनोग्राफवर आवाज. बोलपट यायला अजून पाव शतक होतं!

त्याच वर्षी एदमों रोस्तांचं ‘लेग्लों’. नेपोलियनचा क्षयाने खंगणारा, विशीतला मुलगा. सारा पंचावन्न. पांढरा लष्करी गणवेश. पॅरिस पुन्हा चारी मुंड्या चीत.

तंबू, तुरुंग आणि टाळ्या

१९०६. अमेरिकेतल्या नाट्यगृहमालकांच्या बलाढ्य सिंडिकेटने साराला थिएटरं नाकारली. बाई म्हणाली, हरकत नाही, तंबू ठोका! टेक्सासात भल्यामोठ्या कनातीत हजारो लोकांपुढे क्षयाने मरणारी कॅमिल. आपल्या तमाशाच्या फडांना हे ऐकून बरं वाटेल: जगातली सगळ्यात मोठी स्टार, सोय तीच! त्याच वर्षी भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोजवळ, बर्कलीच्या उघड्या ग्रीक थिएटरात तिने ‘फेद्र’ केलं. १९१३ मध्ये तर सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात कैद्यांपुढे प्रयोग. प्रेक्षक मध्येच उठून जाण्याची शक्यता शून्य.

१९०८ मध्ये इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमला एक बावीस वर्षांचा पोरगा तिचं ‘दाम ओ कामेलिया’ बघून इतका हादरला की थिएटरातून धावतच बाहेर पडला. पोराचं नाव डी. एच. लॉरेन्स. सारा तेव्हा त्रेसष्ट!

१९०९ चा किस्सा तर दंतकथाच झालाय. जोन ऑफ आर्कच्या खटल्याचं नाटक. न्यायाधीश विचारतात, वय? पासष्ट वर्षांची सारा सावकाश प्रेक्षकांकडे वळते आणि ठणकावते, एकोणीस! कुणी हसलं नाही. रोज त्या एका आकड्यावर टाळ्यांचा कडकडाट. आधार कार्ड हरलं, अभिनय जिंकला.

१९१२ मध्ये तिने राणी एलिझाबेथवर मूकपट केला. तो अमेरिकेत नेणारा ॲडॉल्फ झुकर पुढे पॅरामाउंटचा शिल्पकार झाला. त्याच वर्षी आपले दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’च्या खटपटीत होते आणि तारामतीसाठी बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंकेंना साडी नेसवत होते!

आता ती महागडी उडी. ‘तोस्का’च्या शेवटी बुरुजावरून झेप. १९०५ मध्ये रिओला खाली गाद्या नीट नव्हत्या म्हणे, गुडघा आदळला. दुखणं वाढत गेलं आणि २२ फेब्रुवारी १९१५ ला बोर्दोमध्ये उजवा पाय मांडीपासून कापावा लागला. वय सत्तर. लाकडी पाय नको, कुबड्या नकोत. पालखीसारख्या खुर्चीतून उचलून न्या, बस्स. पहिलं महायुद्ध चालू होतं. दुसऱ्या वर्षी बाई आघाडीवर सैनिकांपुढे प्रयोगाला हजर. ‘एका पायावर तयार’ हा वाक्प्रचार आपण उगाच वापरतो. तो तिच्यासाठी राखून ठेवायला हवा.

फॅक्ट चेक! सर्कसवाल्या बार्नमने तो कापलेला पाय प्रदर्शनासाठी मागितला, ही गोष्ट सगळीकडे फिरते. बार्नम वारला १८९१ मध्ये. पाय गेला १९१५ मध्ये. फॉरवर्ड करण्याआधी वजाबाकी करत जा.

पायाविना साराने काय केलं? बसून अभिनय. उरलं काय, तर आवाज, चेहरा आणि हात. आणि गंमत म्हणजे समीक्षकांना नेमकं तेव्हा कळलं की एवढी वर्षं आपण झगे, चित्ते आणि पेट्या बघत होतो, काम तर हेच तीन करत होते. मार्सेल प्रूस्तला हे आधीच उमगलं असावं. त्याच्या महाकादंबरीतली ‘बेर्मा’ ही नटी बरीचशी सारावर बेतलेली. कादंबरीतला पोरगा तिला पहिल्यांदा बघून चक्क निराश होतो. अभिनय कुठे दिसतच नाही! कळायला त्याला पुढचा आख्खा खंड लागतो. आम्हाला विचाराल तर साराचं सर्वोत्तम परीक्षण हेच, आणि ते कादंबरीत आहे.

मार्क ट्वेनच्या नावावर एक वर्गीकरण सांगतात: नट्या वाईट असतात, बऱ्या असतात, चांगल्या असतात, थोर असतात, आणि मग सारा बर्नहार्ट असते. इतकं चपखल की त्याने म्हटलं नसेल तर म्हणायला हवं होतं.

२६ मार्च १९२३ ला ती गेली, तेव्हा तिच्या पॅरिसच्या घरातच एका चित्रपटाचं शूटिंग चालू होतं. पेशंट घरी, म्हणून युनिट घरी!

झटपट बोनस राउंड? घ्या. नाझींनी पॅरिस व्यापल्यावर ती ज्यू म्हणून थिएटरवरचं तिचं नाव उतरवलं. आज तिथे पुन्हा ते झळकतंय. हॉलिवूडच्या फुटपाथवर तिचा तारा आहे. डेन्मार्कच्या बेकऱ्यांत बदामाच्या बिस्किटावर चॉकलेटचा घुमट चढवलेला ‘सारा बर्नहार्ट’ मिळतो. काडीसारख्या बाईच्या नावाने इतक्या कॅलरीज! आणि १९०६ पासून ‘सारा बर्नहार्ट’ नावाचं गुलाबी पिओनी फूलही बाजारात आहे. भरगच्च, झालरीझालरींचं, फुललं की स्वतःच्याच वजनाने वाकणारं. ऑनलाइन ऑर्डर करायला बोट शिवशिवत असेल तर जरा थांबा. त्याला कडाक्याची थंडी लागते. ठाण्याच्या बाल्कनीत ही बाई प्रयोग लावणार नाही.